शिरसि शून्यम्

"या चराचर सृष्टीत दगडाला जन्म देणारी माता एकच! आज पहाटे ती बाळंत झाली, आणि आज दुपारी तिला पुन्हा दिवस गेले आहेत! बोला, स्फटिकमाय की…"

दोन हजार माणसांनी 'जय' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कर्ण्यानं एक लांब शिट्टी मारली आणि तोच धीरगंभीर आवाज पुढं म्हणाला, "एमएच एकतीस, पांढरी अॅक्टिव्हा, शेवटी शून्य सात. ज्यांची असेल त्यांनी मातेच्या दारातून ताबडतोब काढावी. पाण्याचा टँकर अडला आहे."

जयजयकार त्यामुळे अर्धाच झाला. उरलेला अर्धा अॅक्टिव्हावाल्याला शिव्या देण्यात गेला.

फाटकाशी, अडलेल्या टँकरच्या सावलीत, इंदूबाई उभी होती. "सकाळी बाळंत अन् दुपारी पुन्हा दिवस," ती टँकरच्या ड्रायव्हरला म्हणाली, "सव्वा महिना तरी टेकू द्या म्हणा त्या बाईले."

ड्रायव्हरला हसू आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. या फाटकात हसण्याची आणि विचारण्याची एकच शिक्षा होती. मागच्या महिन्यात एका निवृत्त मास्तरांनी इथंच उभं राहून, "मातेला थ्री-फेज कनेक्शन काहून लागते गा?" एवढंच विचारलं होतं. उत्तरादाखल त्यांना नारळ मिळाला, तोही लांबून फेकलेला. दोन दात जागेवर पडले. स्वयंसेवकांनी मास्तरांना ऑटोत कोंबलं आणि दात मोठ्या भक्तिभावानं मायच्या पायरीला वाहिले.

ही पायरी हुडकेश्वरच्या पुढच्या एका लेआउटमधल्या टिनाच्या शेडमध्ये होती. शेडच्या मधोमध खड्डा, खड्ड्यात दीड पुरुष उंचीचं, वीतभर जाड भिंतीचं एक पोलादी नळकांडं, आणि जमिनीवर दिसायचं ते फक्त त्याचं झाकण. झाकणाला हिरवं लुगडं, बांगडीएवढी नथ आणि हळदीकुंकवाचा बोटभर थर. हीच स्फटिकमाय. दर खेपेला भक्त नैवेद्याला गारगोट्या आणत आणि स्फटिकानंद महाराज पापडाएवढी पातळ, काचेसारखी पट्टी लोकांना दाखवत, मंत्र म्हणत ती मायच्या पोटात सोडत आणि झाकण आवळत. चाळिसाव्या दिवशी झाकण उघडलं की तीच पट्टी तळहातापेक्षा जाड, टोकदार, लखलखीत स्फटिक होऊन बाहेर येई.

यात हातचलाखी नव्हती, ही खरी अडचण होती. खोटा चमत्कार पकडायला दोन डोळे पुरतात. हा खरा होता. झाकणावर लोकांनी स्वतः लाखेची सीलं लावली होती, पाळीपाळीनं पहारा केला होता, आणि दगड तरीही वाढला होता. धरमपेठेतल्या शिकल्यासवरल्या बाया गाड्या करून येत, दगडाला हात लावत आणि डोळे पुसत परत जात.

"विज्ञान म्हणतं, दगड निर्जीव!" कर्ण्यातून महाराज विचारत होते. "मग बाळांनो, निर्जीव वाढतो कसा? सांगावं विज्ञानानं! पाहा, विज्ञान गप्प आहे!"

विज्ञान गप्प होतं हे खरं. त्याचे दोन दात पायरीवर होते.

इंदूबाईला मात्र दगड वाढण्याचं काही कौतुक नव्हतं. बुटीबोरीच्या एका कारखान्यात तिनं बावीस वर्षं दगडच वाढवले होते. तिचं काम बी बांधण्याचं. स्फटिकाची पातळ पट्टी म्हणजे बी. तिच्या भोकातून तार ओवायची, दोन पीळ द्यायचे, शेपूट आत वळवायचं आणि पट्टी चौकटीला टांगायची. चौकट पोलादी भांड्यात वरच्या अंगाला. तळाशी गारगोटीचे तुकडे, म्हणजे बियांचा खाऊ, मधे जाळी, भांड्यात सोड्याचं जहाल पाणी. झाकण आवळून खालून विजेची आच दिली की दाबाखाली गारगोटी विरघळते, वर चढते आणि जरा थंड जागी टांगलेल्या बियांवर बसत जाते. नखं वाढतात त्याच्या पाचपट वेगानं. मग त्या स्फटिकाच्या चकत्या घड्याळात जातात, मोबाइलमध्ये जातात. कारखान्यात कोणी कधी आरती केली नव्हती. मालकानं एक दिवस कुलूप लावलं, भांडी भंगारात गेली आणि इंदूबाई घरी बसली.

हे सगळं तिनं आपल्या मुलाला, रोशनला, दहादा सांगितलं होतं. बत्तीस वर्षांचा रोशन वेल्डर होता. काम सुटल्यावर महाराजांच्या शेडचं काम करायला म्हणून आला आणि इथलाच सेवेकरी होऊन बसला. झाकणापासून हातभर अंतरावर त्याचं आसन होतं. चाळीस दिवस तिथून हलायचं नाही, हा त्याचा नेम. आजच्या आरतीपासून नेम सुरू व्हायचा होता, आणि इंदूबाई त्याला न्यायला तिसऱ्यांदा आली होती.

रोशन फाटकापर्यंत आला तो कपाळ चिताडून.

"माय, तू पुन्हा आली?"

"आली. चाल घरी."

"माय, इथी शांती भेटते मले."

"तुझ्या आजानं छप्पन साली दीक्षाभूमीवर उभं राहून सगळे देव सोडले. घरात बाबासाहेबाचा फोटो हाय. अन् तू या बाबापुढे लोळून राहिला?"

"हा बाबा दगड वाढवते!"

"म्या बावीस वर्षं वाढवले. माह्यापुढे लोळला का कधी?"

रोशनजवळ याला एक ठेवणीतलं उत्तर होतं. "तुमच्या कारखान्यात भजन होत होतं का?"

भजन होत नव्हतं, हे इंदूबाईला कबूल करावं लागलं. उत्साहात येऊन रोशन म्हणाला, "महाराजाचा माह्यावर किती भरोसा हाय, तुले मालूम नाही. मागच्या खेपेले मायच्या मानेतल्या नळीतून शिट्टी वाजली, भजन बिघडलं. तिच्यात पातळ पत्रा होता, तो फाटला. महाराज म्हणे, रोशन, हे तोंडच बंद कर. म्या गुल्ली ठोकून वेल्डिंग मारली. आता माय शिट्टी नाही मारत."

इंदूबाईचा हात टँकरच्या पत्र्यावर गेला. भांड्यातला दाब वाढला तर आधी तो पत्रा फाटतो. त्यासाठीच तो असतो.

ती काही बोलणार, तेवढ्यात कर्ण्यातून मंत्र सुरू झाला.

"अधः भक्ष्यम्! ऊर्ध्वं बीजम्! मध्ये जालम्! शिरसि शून्यम्!"

दोन हजार माणसांनी डोळे मिटून तो परत म्हटला. इंदूबाईनं डोळे मिटले नाहीत, उलट ते मोठे झाले. हा ठेका तिच्या हाडात होता. कारखान्यात नवा कामगार आला की पाळीप्रमुख विश्वनाथ साहेब भांड्यावर पाना आपटून त्याच्याकडून चार ओळी पाठ करून घेत: खाली खाऊ! वर बी! मधी जाळी! डोक्यावर हातभर खाली!

हातभर जागा खाली ठेवायची, कारण तापलं की पाणी फुगतं. फुगायला जागा नसली तर ते पोलादाकडं मागतं. एकदा एका नवख्यानं हातभराऐवजी वीतभर जागा ठेवली होती. शेडच्या छताला भोक पडलं, आणि नवख्याचं नाव पुढं हजेरीत आलं नाही.

"विश्वनाथ साहेब…" इंदूबाई पुटपुटली. दाढी, जटा आणि संस्कृत, तिन्ही नंतर उगवलेली होती. पण एक बरं होतं. साहेब लबाड असला तरी भांडं भरण्यात चुकणारा नव्हता. तिच्या जिवाला तेवढ्यापुरता धीर आला.

हा धीर पुरता मिनिटभर टिकला नाही.

"इंदूबाई! तुमी पण आल्या!" समोरून जांभळ्या पैठणीत अंजनाबाई आली. ती महिला भजनी मंडळाची प्रमुख, आणि इंदूबाईच्या गल्लीतलीच. "आज मायची ओटी आम्ही बायांनी भरली, म्हायती हाय का? दरवेळी महाराज एकटेच भरते, पडदा लावून. आज टीव्हीवाले आले, ते मुलाखत देत बसले. मले म्हणे, अंजनाबाई, तुमी सांभाळा. तीनशे बाया होत्या. महाराजानं विभूती टाकून ठेवली होती, वरून एकेक तांब्या पाणी."

"तीनशे तांबे?" इंदूबाईनं तिचा दंड धरला. "किती भरलं?"

"काठोकाठ! अन् झाकण रोशननं आवळलं."

"आत रेघ होती ना? लाल?"

"होती नं. हा तुमचा रोशन रेघेवरच म्हणे, बस. म्या म्हटलं, काहून बस? अजून शंभर बाया तांबे घेऊन उभ्या! अन् ओटी कोणी अर्धी भरते का वं? अपशकून हाय!"

"अन् मंत्रात सांगितलं ते? शिरसि शून्यम्?"

"ते तर सगळ्यायनं पाळलं," अंजनाबाई अभिमानानं म्हणाली. "महाराजानंच अर्थ सांगितला. डोकं रिकामं ठेवा. आम्ही ठेवलं."

साध्या मराठीत लिहिलेली धोक्याची पाटी महाराजांनी संस्कृतात नेली होती, आणि ती तिथंच राहिली होती. भक्तांनी भांड्याच्या डोक्यावरची जागा भरली आणि स्वतःच्या डोक्यातली रिकामी केली.

इंदूबाईनं खांबावरच्या विजेच्या मीटरकडं पाहिलं. त्यातला लाल ठिपका जाळ्यात सापडलेल्या पाखरासारखा फडफडत होता. भट्टी चालू होती. बारा वाजल्यापासून असेल, आणि आता चार वाजले होते.

"रोशन, आत जाऊ नको!"

पण रोशन आरतीची घंटा ऐकून केव्हाच गर्दीत शिरला होता. त्याचं आसन झाकणापासून हातभर होतं.

मग इंदूबाई गर्दीत घुसली. साठीच्या जवळ आलेल्या बाईनं दोन हजार माणसांत कसं घुसावं याचा नियम नाही. तिनं कोपर वापरलं, पिशवी वापरली, एका पोटाला गुडघा लावला. तिच्या पाठीत कोणीतरी बुक्की घातली, केस ओढले, "रांगेत ये वं!" म्हणून मनगट पिरगाळलं. पायरीपर्यंत पोचली तेव्हा तिच्या पदराचा एक तुकडा मागंच कोणाच्या तरी हातात राहिला होता.

"लाइट बंद करा!" ती ओरडली. "भांडं फुटन! भांडं फुटन!"

ढोल थांबले. एक स्वयंसेवक दंडुका घेऊन पुढं आला. "कोणाचं भांडं फोडतं वं तू? महाराजाचं?"

"महाराजाचं नाही, हे भांडं!"

"मायले भांडं म्हणते!" मागून आरोळी आली, आणि पहिला दंडुका इंदूबाईच्या खांद्यावर बसला. दुसरा कपाळावर. रक्त डोळ्यात उतरलं. नारळ यायला लागले. एक तिच्या कानाजवळून जाऊन टीव्हीवाल्याच्या कॅमेऱ्यावर फुटला, आणि कॅमेरावाल्यानं तो प्रसाद समजून नमस्कार केला.

व्याघ्रचर्माच्या छापाच्या ब्लँकेटवर बसलेले महाराज शांतपणे हे पाहत होते. रक्तानं लाल झालेला चेहरा वर करून इंदूबाई त्यांना थेट म्हणाली, "साहेब! डोक्यावर हातभर ठेवलीच नाही! तीनशे तांबे टाकले! काठोकाठ हाय!"

महाराजांचा चेहरा राखेसारखा झाला. दाढीतून शुद्ध संस्कृत गळून पडलं.

"किती भरलं बे?" ते रोशनला म्हणाले.

"काठोकाठ, महाराज," रोशन हात जोडून म्हणाला. "बायायनं ऐकलं नाही."

त्या दोन हजार माणसांत इंदूबाईवर विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला, आणि तो महाराज होता. ते उठले, माइक घेतला आणि म्हणाले, "बाळांनो, आम्हाला हिमालयातून तातडीचं बोलावणं आलं आहे." आणि माइक टाकून, धोतर दोन्ही हातांनी उचलून, मागच्या दाराकडं पळाले.

भक्त ते कसं चालू देतील? मातेचे दिवस भरत असताना पिता हिमालयात! पन्नास जणांनी त्यांचे पाय धरले. महाराजांनी पहिल्याच्या नाकावर ठोसा मारला. "प्रसाद मिळाला! प्रसाद मिळाला!" म्हणत तो नाकातलं रक्त कपाळाला लावायला लागला, मग बाकीच्यांनीही नाकं पुढं केली. महाराज लाथा मारत होते, चावत होते, एकाच्या कानाचा लचका त्यांच्या दातांत आला होता.

"लाइट बंद करा!" ते किंचाळले. "मेन स्विच खेचा! सगळे मरसान! फुटते ते!"

आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस पूर्ण खरं बोलत होता. पण जटा हलत होत्या, डोळे फिरले होते, तोंडाला फेस होता.

"महाराजाच्या अंगात आलं!" अंजनाबाई ओरडली, आणि ढोल दुप्पट जोरानं सुरू झाले.

चौघांनी महाराजांना उचलून आणलं आणि पुन्हा मायजवळ नेऊन बसवलं. उठू नयेत म्हणून दोघं त्यांच्या मांड्यांवर बसले.

"रोशन!" कोणीतरी हुकूम दिला. "हे बाई बाहेर फेक!"

रोशन उठला. त्यानं स्वतःच्या आईचे दोन्ही दंड धरले आणि तिला पायरीवरून खाली खेचायला लागला. तिचे पाय घसटत होते, कपाळावरचं रक्त त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला लागत होतं. तो रडत होता, पण सोडत नव्हता.

इंदूबाईनं विनवण्या केल्या नाहीत. देवाधर्माचं तर नावच काढलं नाही. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन एकच विचारलं.

"त्या नळीले कोणता रॉड वापरला?"

रोशनचे हात थबकले. "काय?"

"गुल्ली ठोकून वेल्डिंग मारली म्हणतं ना. कोणता रॉड? किती फेरे?"

"साधा… एकच फेरा. भजन सुरू व्हायचं होतं."

"बाकी खरं-खोटं सोड. तू वेल्डर हाय. तुही वेल्डिंग तुले म्हायती. टिकन का?"

रोशननं मायकडं पाहिलं. नथीच्या मागं, हळदीकुंकवाच्या थराखाली, त्याच्याच हातचा तो ओबडधोबड टाका होता. त्याच्या कडेनं कुंकू ओलं झालं होतं. ओलं आणि हळूहळू काळं. हळद तर आधीच विटकरी लाल झाली होती, सोड्याचं पाणी लागल्यावर होते तशी.

श्रद्धेबद्दल माणूस वर्षानुवर्षं वाद घालू शकतो. आपण घाईत मारलेल्या टाक्याबद्दल त्याला क्षणभरही शंका नसते.

"नाही टिकन," रोशन म्हणाला.

त्यानं आईला सोडलं, महाराजांच्या बारा फुटी फ्लेक्सवर धाव घेतली आणि तो टराटरा फाडला. फ्लेक्सवरच्या महाराजांच्या बरोबर बेंबीच्या मागं मेन स्विच होता. रोशननं तो खाली खेचला. कर्णे मेले, पंखे मंदावले, ढोल गोंधळून थांबले. शेडमध्ये एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत मायच्या मानेतून बारीक, चहाच्या किटलीसारखी सीं… सीं… ऐकू आली.

वीज बंद झाली तरी तापलेलं पाणी लगेच निवत नसतं.

"माय! माय! पळा!" रोशन ओरडला.

लोकांनी हात जोडले. कोणत्या मायबद्दल चाललं आहे ते त्यांना कळलं नाही. रोशनला मात्र त्या क्षणी एकच माय होती. त्यानं रक्तानं माखलेल्या इंदूबाईला पोत्यासारखं कवटाळून पोटाशी उचललं आणि दाराकडं धावला. सेवेकऱ्यालाच पळताना पाहून पुढच्या रांगा फुटल्या. एकमेकांना तुडवत, चपला टाकत, कठडा मोडत लोक बाहेर लोटले. महाराजांच्या मांड्यांवर बसलेले दोघंही उठले. महाराज उठणार, एवढ्यात गुल्ली उडाली.

बंदुकीची गोळी सुटावी तशी ती नथीसकट टिनाच्या छतातून आरपार गेली. मागोमाग पांढरा, जाडजूड फवारा फुत्कारत छतावर आदळला, आणि उकळतं सोड्याचं पाणी पाऊस होऊन खाली आलं. ते अंगावर पडलं की पहिल्या क्षणी साबणासारखं गुळगुळीत लागतं. दुसऱ्या क्षणी कातडं सुटतं. शेडमधून आलेला आवाज माणसांचा होता हे ओळखायला वेळ लागला. रोशनच्या पाठीवर शिंतोडे पडले, सदरा तिथंच विरला आणि तो गुडघ्यावर आला. आई मात्र त्याच्या पुढच्या बाजूला, त्याच्या आडोशात होती.

लोक हळद घेऊन धावले, कोणी टूथपेस्ट काढली, कोणी लिंबू कापायला लागलं.

"काही लावू नका!" इंदूबाई उठली. "पाणी! नुसतं पाणी! धुवा! डोळे उघडून धुवा!"

अॅक्टिव्हानं अडवलेला टँकर अजून फाटकातच होता. तिनं ड्रायव्हरकडून नळी हिसकली आणि आधी रोशनच्या पाठीवर धरली. मग एकेकाला पकडून, ओढून, नको म्हणणाऱ्याला सरळ थोबाडीत मारून पाण्याखाली उभं केलं. मघाशी तिला दंडुका मारणारा स्वयंसेवक पाण्याखाली ढसाढसा रडत होता. तिनं त्याचं डोकं धरून डोळे धुतले. वर त्याच्या डोक्यात एक टप्पल मारायलाही ती विसरली नाही.

महाराजांना चौघांनी ओढत आणलं. मानेवर, पाठीवर कातडं सोललं होतं. जटा खऱ्या केसांच्या होत्या, पण त्यांच्या केसांच्या नव्हत्या. कडक सोड्यानं त्या विरघळून त्यांचा राखाडी चिखल झाला होता आणि खालून विश्वनाथ साहेबांचं ओळखीचं टक्कल निघालं होतं.

"इंदू," ते कण्हत म्हणाले, "पाणी धर."

"धरते साहेब," ती म्हणाली, आणि धरलं.

अँब्युलन्स आल्या, गेल्या. कोणी मेलं नाही. तेवीस जण भाजले, त्यांत दोघांचे डोळे वाचतील की नाही हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. रोशनला पालथं निजवून नेलं. जाताना त्यानं आईचं बोट धरलं होतं आणि अँब्युलन्सचं दार लावण्यापुरतंच सोडलं. पोलीस आले आणि दोरी बांधू लागले. लोक मात्र हलेनात. चमत्कार फुटला होता, पण नेमकं काय फुटलं हे त्यांना उमगत नव्हतं.

सकाळी 'जन्मलेला' स्फटिक चांदीच्या आसनावर तसाच झळकत होता. इंदूबाईनं इन्स्पेक्टरला विचारलं, रोशनचा पाना घेतला आणि आसनाची चांदी उचकटली. लोक पुढं सरकले. स्फटिकाच्या बुडातून बोटभर तार बाहेर आली होती. तारेला दोन पीळ होते आणि शेपूट आत वळवलेलं.

कपाळाला पदराची पट्टी बांधून ती टँकरच्या पायरीवर चढली आणि स्फटिक सगळ्यांना दिसेल असा धरला.

"हे पाहा. मधात ही पातळ रेघ दिसते ते बी. महाराजानं तुमच्यासमोर सोडली ते. बाकीचं सगळं तिच्यावर चढलं. तुमीच नैवेद्य म्हणून आणलेल्या गारगोट्या विरघळून चढल्या. सोडा, पाणी, आच अन् दाब. मंत्र न म्हणता म्या हे बावीस वर्षं केलं. हे गाठ मी पाडत होती. साहेब माह्यापासूनच शिकले. ज्याले तुमी देवीचं लेकरू म्हणून हात लावत होत्या, ते माहं काम हाय. मले कोणी कधी हार नाही घातला. घालू पण नका."

तिनं स्फटिक दुसऱ्या हातात घेतला.

"दगड वाढते, हे खरं हाय. तुमी खोटं नाही पाहिलं. खोटं हे का तो कोणाच्या कृपेनं वाढते. डोक्यावर हातभर खाली ठेवा, एवढं साधं बोलणं होतं. मराठीत सांगितलं असतं तर तीनशेमधल्या एका तरी बाईनं इचारलं असतं, काहून ठेवायचं? इचारलं असतं तर आज माहा पोरगा पालथा निजून दवाखान्यात गेला नसता. मास्तरनं इचारलं, त्याचे दात पाडले. आता मी सांगते, इचारा. महाराजाले इचारा, डॉक्टरले इचारा, मले पण इचारा. कोणी म्हणलं इचारू नको, तर समजा का तथीच कुठी तरी मेन स्विच हाय. बाप्पा हो, भांडं रिकामं ठेवा, डोकं भरलेलं ठेवा."

टँकरच्या नळीतून थेंब थेंब पाणी पडत होतं. बाया खाली पाहत होत्या. मायच्या झाकणापाशी सकाळच्या ओट्यांचा ढीग भिजून पडला होता: तांदूळ, सुपाऱ्या, फुटलेले नारळ, रंग उडालेले खण.

मग गर्दीतून अंजनाबाई पुढं आली. तिचा भाजलेला हात पाण्याच्या बादलीत होता आणि बादली ती दुसऱ्या हातानं कशीबशी धरून होती. इंदूबाईसमोर येऊन ती थांबली. डोळे भरून आले होते.

"इंदूबाई," ती म्हणाली, "पटलं वं. सगळं पटलं. पाया पडते तुमच्या."

"पाया नको पडू. बोल."

"त्या ढिगात माहा खण हाय. जांभळा. ह्याच लुगड्यावरचा हाय वं, मॅचिंगचा. तेवढा पाहून देता का?"